टीन अकाउंट आहे, पण जन्मसाल कुणाचं?

सोसायटीतला ‘सॉफ्टवेअरवाला’ म्हणून मीरा रोडचे शेजारी मला हमखास विचारतात: पोरगा रात्री एकपर्यंत रील्स बघतो, कुठलं ॲप टाकू? माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी त्याच्या अकाउंटवरचं जन्मसाल बघा.

इन्स्टाग्रामने फेब्रुवारी 2025 मध्ये ‘टीन अकाउंट’ भारतात आणायला सुरुवात केली. यात 18 वर्षांखालच्यांचं खातं आपोआप प्रायव्हेट होतं, 60 मिनिटांनी ‘आता थांब’ अशी सूचना येते आणि रात्री 10 ते सकाळी 7 नोटिफिकेशन्स गप्प राहतात. कॉस्मेटिक सर्जरीची भलामण करणारे व्हिडिओ कमी दिसतात. मूल 16 पेक्षा लहान असेल, तर हे सैल करायला पालकांची परवानगी लागते.

गोची कुठे आहे?

हे सगळं वयावर चालतं. खातं आई-वडिलांच्या जन्मतारखेवर उघडलं असेल, तर ॲपच्या लेखी तुमची नववीतली मुलगी 41 वर्षांची बाई असते. मग वजन घटवण्याच्या जाहिरातीही मोठ्यांसारख्याच येऊ शकतात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. पण तुम्ही मूल आहात हे आधी ॲपला कळायला हवं ना! जन्मतारीख अकाउंट्स सेंटरमध्ये, पर्सनल डिटेल्सखाली दिसते.

सेटिंगनंतर काय?

इन्स्टाग्रामच्या ‘सुपरव्हिजन’मध्ये मुलाने किती वेळ घालवला, गेल्या 7 दिवसांत कुणाला मेसेज केले, हे पालकांना दिसतं. मेसेज वाचता येत नाहीत, आणि ते बरंच आहे. चोरून वाचणाऱ्या पालकांना मूल व्हेपबद्दल कशाला विचारेल? ते दुसरं खातं उघडेल.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 मध्ये वेगळी वाट धरली. संध्याकाळी 7 ला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, मोठ्यांचेसुद्धा. मला यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे 7 ला निम्मे पालक विरार लोकलमध्ये असतात. म्हणून 10 ची वेळ धरा. 13 ते 18 वयात 8 ते 10 तास झोप लागते. शाळेसाठी 6 ला उठायचं असेल, तर 10 ला झोपूनच जेमतेम 8 भरतात. ॲप फक्त नोटिफिकेशन्स गप्प करतं. घरातले सगळे फोन, तुमचाही, त्या वेळी हॉलमध्ये चार्जिंगला लावणं हे तुमचं काम.