मुलामा बदलायचा तर आधी ड्रॉइंग बदला

नागापूर आणि सुपा एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यांची नावे सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्या डाय, पंच आणि मोल्डवर चढणाऱ्या काही मायक्रॉनच्या मुलाम्याची चौकशी मात्र तो झिजून माल परत आल्यावरच होते.

हा मुलामा बहुधा हार्ड क्रोमचा असतो. कडकपणा ८०० ते १००० व्हिकर्स, दर परवडणारा, कारागिरांचा हात बसलेला. पण त्याच्या टाकीत क्रोमिक ॲसिड, म्हणजे कर्करोगकारक सहा-संयुजी क्रोमियम असते. विजेचा जेमतेम पाचवा हिस्सा धातू बसवण्याच्या कामी येतो. उरलेल्या विजेने मुख्यतः हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि ते फुटताना आम्लाचे तुषार कामगाराच्या नाकातोंडात जातात. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात या क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. सीना नदीकाठच्या आपल्या शहराला हा आकडा पाठ हवा. युरोपीय संघात तर सप्टेंबर २०१७ पासून खास परवानगीशिवाय क्रोमिक ॲसिड वापरता येत नाही.

पर्याय आहेत. त्यातला एक निकेल-टंगस्टन मिश्रधातूचा. पाण्याच्या द्रावणातून एकटे टंगस्टन बसत नाही, निकेलच्या सोबतीने बसते. ताजा थर क्रोमपेक्षा थोडा मऊ असतो, पण योग्य तापमानाला तापवला की कडक होतो. क्रोम तापल्यावर उलट मऊ पडते. गरम काम करणाऱ्या हत्यारांसाठी हा फरक मोलाचा आहे. हैदराबादच्या एआरसीआय संस्थेने अशा थरांवर काम केले आहे.

मग घोडे अडते कुठे? ड्रॉइंगवर. त्यावर 'हार्ड क्रोम' लिहिले असेल, तर जॉबवर्क करणारा प्लेटिंगवाला दुसरे काही चढवूच शकत नाही, तपासणीत माल नापास होईल. शिवाय मिश्रधातूची टाकी नखरेल असते. सामू, तापमान किंवा करंट हलला की दोन धातूंचे प्रमाण बिघडते. ॲमीटर आणि अनुभव एवढ्यावर ती चालत नाही. द्रावणाची नियमित तपासणी लागते आणि छोट्या युनिटला स्वतःची प्रयोगशाळा परवडत नाही. निकेलही निर्धोक नाही, त्याच्या गाळाचीही नीट विल्हेवाट लावावी लागते.

क्रोमच्या टाक्यांवर नुसत्या धाडी घातल्या तर त्या दुसऱ्या गावच्या शेडमध्ये जातील. त्यापेक्षा मोठ्या कंपन्यांनी निवडक हत्यारांवर चाचणी घेऊन ड्रॉइंग बदलावे आणि उद्योजक संघटनांनी सामायिक प्रयोगशाळा उभारावी. खरेदी विभागानेही चौरस इंचाच्या दरावर घासाघीस करण्याऐवजी एका मुलाम्यात डायने किती स्ट्रोक दिले, याचा हिशेब मागावा. महाग वाटणारा मुलामा स्वस्त पडतो की नाही, हे त्याच हिशेबात कळेल.