सोलापूरपेक्षा लहान देशांनी फुटबॉल कसा बदलला?

२०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर आहे. उरुग्वेची आजही जेमतेम ३५ लाख. तरीही १९३० चा पहिला विश्वचषक याच देशाने भरवला आणि जिंकलाही.

फुटसाल आला कुठून?
त्याच वर्षी राजधानी मोंटेव्हिडिओत हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने बास्केटबॉल कोर्टवर मावेल असा, पाच-पाच खेळाडूंचा फुटबॉल तयार केला. तोच आजचा फुटसाल. जागा कमी असल्याने चेंडूवर ताबा आणि झटपट पास शिकावेच लागतात. रोनाल्डिन्हो, नेमार लहानपणी यातूनच घडले.

आइसलँडने काय केले?
तिथे अडचण कडाक्याच्या थंडीची. २००० नंतर तिथे छताखालची मैदाने उभी राहिली आणि अगदी लहान मुलांनाही परवानाधारक प्रशिक्षक मिळाले. २०१६ च्या युरो स्पर्धेत या देशाने इंग्लंडला २-१ असे हरवले. तेव्हा त्याची लोकसंख्या सोलापूर शहराच्या निम्म्याहूनही कमी होती.

सोलापूरने काय घ्यावे?
दोन्ही देशांनी आधी आपली अडचण ओळखली, मग तोडगा काढला. आपली अडचण उन्हाची. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. मोठ्या स्टेडियमची वाट पाहण्यापेक्षा शाळांची कोर्ट संध्याकाळी खुली करावीत, तिथे दिवे लावावेत आणि प्रशिक्षक नेमावेत. महापालिका आणि शाळांनी ठरवले तर सुरुवात याच सुट्टीत होऊ शकते.