क्रोसिन शोधलं, केशर सापडलं

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. औषधाच्या दुकानात मागितलं तर तापाची गोळी मिळते आणि डॉक्टरांच्या सूचिपत्रात शोधलं तर केशर मिळतं, असं नाव कोणतं?

वर्गात हे कोडं घातलं तेव्हा मागच्या बाकावरून ठणठणीत आवाजात "श्रीखंड!" असं उत्तर आलं. केशर म्हटलं की आमच्या मंडळींना दुसरं काय आठवणार! पण उत्तर आहे क्रोसिन.

ताप आला की क्रोसिन, हे तुमच्या आजीलाही ठाऊक आहे. मात्र केशराला तो सुरेख पिवळा-केशरी रंग ज्या द्रव्यामुळे येतो, त्याचंही नाव क्रोसिनच आहे. केशराच्या रोपाला शास्त्रात क्रोकस म्हणतात, त्यावरून ते पडलं. गोळीचा आणि केशराचा काडीचाही संबंध नाही. नावं तेवढी जुळी!

आता हे डॉक्टरांचं सूचिपत्र काय प्रकरण आहे? वाचनालयात पुस्तकांची यादी असते ना, लेखकाच्या किंवा विषयाच्या नावानं पुस्तक शोधायला? तशीच यादी जगभरच्या वैद्यकीय लेखांची आहे. तिचं नाव पबमेड. अमेरिकेत बेथेस्डा या गावी तिथलं राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय आहे, ते ही यादी सांभाळतं. जॉन शॉ बिलिंग्ज नावाच्या लष्करी डॉक्टरांनी १८७९ मध्ये तिची छापील पणजी सुरू केली होती, 'इंडेक्स मेडिकस'. १९६४ मध्ये ती संगणकावर आली आणि १९९७ पासून कुणालाही, कुठूनही, फुकट बघता येते. आज तिच्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. बाबांच्या मोबाइलवरसुद्धा ती उघडते. (आधी विचारा बरं का!)

एवढ्या ढिगातून हवं ते शोधायचं म्हणजे नाव नेमकं माहीत हवं. आणि औषधांची गंमत अशी की त्यांना तुमच्यासारखीच अनेक नावं असतात.

बघा हं. घरी तुम्ही पिंट्या किंवा छकुली. शाळेच्या हजेरीपटावर एक नाव. आणि सगळे कागद काढले तर आई, बाबा, आडनाव, गाव, सगळी वंशावळच. तापाच्या गोळीचंही तसंच. क्रोसिन, कॅलपॉल, डोलो ही कंपन्यांनी ठेवलेली लाडाची नावं. हजेरीपटावरचं नाव पॅरासिटामॉल. आणि रसायनशास्त्रातलं लांबलचक नाव पॅरा-ॲसिटिल-ॲमिनो-फिनॉल. इंग्लंडात या लांब नावातली काही अक्षरं उचलून 'पॅरासिटामॉल' केलं. अमेरिकेत दुसरी अक्षरं उचलून 'ॲसिटामिनोफेन' केलं. पेन्सिल घ्या आणि लांब नावाखाली रेघा मारून पाहा, दोन्ही नावं त्यातूनच निघतात.

म्हणजे एकाच मुलाचं नाव दोन शाळांच्या हजेरीपटावर वेगवेगळं! मग अमेरिकेतल्या डॉक्टरनं लिहिलेला लेख वाशीच्या डॉक्टरला सापडायचा कसा?

त्यासाठी पबमेडकडे एक शब्दकोश आहे, मेश नावाचा. १९६० साली तो तयार झाला. प्रत्येक औषधाचं एक मुख्य नाव आणि त्याखाली त्याची बाकीची नावं, अशी त्याची मांडणी. तुम्ही पॅरासिटामॉल टाकलंत की पबमेड गुपचूप ॲसिटामिनोफेनही शोधतं. त्यानं नेमकं काय काय शोधलं, हेही 'ॲडव्हान्स्ड' या पानावर बघता येतं. दादा-ताईंनो, तुम्ही बारावीला असाल आणि पुढं डॉक्टर व्हायचं मनात असेल तर एकदा ते जरूर बघा. आणि एक खुबी सांगते. शब्द अवतरणचिन्हांत टाकला की ही मदत बंद होते. मग जे टाकलं तेवढंच शोधलं जातं.

पण शब्दकोशात जे नाव नाही त्याचं काय? लिहिणाऱ्यानं वेगळ्याच नावानं लिहिलं, किंवा कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी लिहिलं, तर? याची एक खरी गोष्ट आहे, आणि ती आपल्या मुंबईत घडलेली आहे.

सर्पगंधा नावाचं झुडूप तुम्ही ऐकलं असेल. पांढरी फुलं, लालसर देठ, आणि औषधी असतात त्या मुळ्या. आपले वैद्य झोप न येणाऱ्याला, डोकं फार भडकलेल्याला त्या मुळ्यांचं चूर्ण देत आले. हिंदीत कुणी तिला छोटा चाँद म्हणतं, बंगालीत चंद्रा. बिहारकडे तर सरळ 'पागल की दवा'! युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला राउवोल्फिया सर्पेंटिना म्हटलं. राउवोल्फ हे सोळाव्या शतकातले जर्मन डॉक्टर, फिरतीवर वनस्पती गोळा करणारे. त्यांच्या स्मरणार्थ हे नाव दिलं गेलं. पण त्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये घोळ झाला. लॅटिनमध्ये 'डब्ल्यू' हे अक्षरच नाही, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ तिथं 'व्ही' लिहितात. औषधवाले 'डब्ल्यू' लिहितात. एका अक्षराचा फरक, पण नुसती अक्षरं जुळवून शोधणाऱ्या यंत्राला ती दोन वेगळी झाडं!

आता १९३१ साल. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी भारतातल्या एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की ही मुळी मनोविकारावर तर चालतेच, पण वाढलेला रक्तदाबही उतरवते. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळीतून एक द्रव्य वेगळं काढलं आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला 'अजमालिन' नाव दिलं. हकीमसाहेबांचं नाव असं आजही जगभरच्या औषधांच्या पुस्तकांत आहे. १९३४ मध्ये हिमालया कंपनीनं या मुळीची 'सर्पिना' नावाची गोळीही बाजारात आणली.

इतकं सगळं झालं, तरी परदेशात त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. आणि गरज तर केवढी होती! अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब बेसुमार वाढलेला असे. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. एवढ्या बलाढ्य देशाचा प्रमुख, पण त्याच्या डॉक्टरांच्या पेटीत रक्तदाबावर खात्रीची गोळी नव्हती. कलकत्त्यात तो लेख छापून आला त्याला तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील हे हृदयरोगाचे डॉक्टर होते. त्यांनी सर्पगंधेकडे नीट, शास्त्रीय पद्धतीनं पाहायचं ठरवलं. उच्च रक्तदाबाचे ५० रुग्ण निवडले, त्यांना सर्पगंधा दिली, रक्तदाब मोजून नोंदी ठेवल्या. बहुतेकांचा रक्तदाब उतरला. मग हे सगळं त्यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापलं. शीर्षकात राउवोल्फिया सर्पेंटिना हे शास्त्रीय नाव होतं आणि रोगाचं नावही. जगातले हृदयरोगाचे डॉक्टर वाचतात ते नियतकालिक, आणि त्यांना कळणारी नावं.

तो लेख बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचला. त्यांनी तिकडे प्रयोग सुरू केले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं, आणि पुढची काही वर्षं रक्तदाबावर ते जगभर दिलं गेलं. डॉ. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला आणि १९५८ मध्ये पद्मभूषण. पुढं आणखी चांगली औषधं आली, रिसर्पिन मागं पडलं. पण वकिलांचा तो लेख पबमेडवर नोंदलेला आहे आणि कुणालाही वाचता येतो. फक्त एक लक्षात ठेवा. त्याच्या शीर्षकात 'सर्पगंधा' हा शब्द कुठंही नाही!

माझ्या मते सेन आणि बोस यांचं काम कमी प्रतीचं नव्हतं. ते लोकांच्या हाताला लागलं नाही, एवढंच. मला ही गोष्ट फार लागते.

आता मुंबईहून आपल्या नव्या मुंबईत येऊ. खारघरला टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही कर्करोग संशोधनाची संस्था आहे. अशा ठिकाणच्या माणसांना नावांचा हा खेळ रोजच खेळावा लागतो. कारण नवीन औषध जन्मतं तेव्हा त्याला नावच नसतं, नुसता नंबर असतो. रक्ताच्या एका कर्करोगावरचं इमॅटिनिब हे औषध घ्या. आधी ते सीजीपी ५७१४८ होतं, मग एसटीआय ५७१ झालं, मग इमॅटिनिब. दुकानात ग्लिव्हेक. त्यातही अमेरिकेतल्या ग्लिव्हेकचं स्पेलिंग वेगळं! अमेरिकेत २००१ मध्ये त्याला मान्यता मिळाली, पण त्याचा गाजलेला पहिला लेख १९९६ चा आहे आणि त्यात इमॅटिनिब हे नाव नाही, नंबर आहे. सूचीकारांनी जुन्या नोंदींना नवं नाव जोडून ठेवलं तर ठीक. नाहीतर शोधणाऱ्याला औषधाचं बारशापासूनचं सगळं ठाऊक हवं.

हा गोंधळ आवरायला जागतिक आरोग्य संघटनेनं १९५० मध्ये ठराव केला आणि १९५३ मध्ये औषधांच्या नावांची पहिली यादी काढली. ही नावं कुणा कंपनीच्या मालकीची नसतात. शिवाय नावाच्या शेपटीवरून औषधाचं घराणं कळतं. शेवटी 'सिलिन' असेल तर ते पेनिसिलिनच्या घरातलं, जसं अमॉक्सिसिलिन. शेवटी 'ओलॉल' असेल तर ॲटेनोलॉलचा भाऊबंद. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला ही शेपटी ओळखता आली तर केवढं काम होतं!

पालकहो, आता थोडं तुमच्यासाठी. घरातल्या औषधाच्या डब्यातली पाकिटं मुलांसमोर टेबलावर मांडा. गोळ्या काढायच्या नाहीत, नुसती नावं वाचायची. २०१८ पासूनच्या नियमाप्रमाणे एकाच औषधाच्या गोळीवर मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत हवं. मूळ नावापुढं 'आयपी' दिसेल, म्हणजे ते औषध भारतीय औषधकोशातल्या मापाप्रमाणे बनवलेलं. मग कोणत्या पाकिटांवर तेच मूळ नाव पुन्हा येतं ते मुलांना शोधू द्या. तापाची गोळी आणि सर्दीची गोळी, नावं अगदी वेगळी, पण दोन्हीत पॅरासिटामॉल असं हमखास निघेल. दोन्ही एकाच वेळी पोटात गेल्या तर औषध दुप्पट होतं, आणि जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृताला इजा करतं. तापात लगबगीनं गोळी देताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही. दोन्ही एकत्र चालतील का, हे डॉक्टरांना विचारावं. पबमेड हे त्यासाठी नव्हे. तिथं लेख मिळतात, तुमच्या मुलाला किती गोळी द्यायची हे नाही.

जाता जाता पुन्हा एक कोडं. ॲड्रिनॅलिन आणि एपिनेफ्रिन ही एकाच औषधाची दोन नावं. पहिलं लॅटिनवरून आलंय, दुसरं ग्रीकवरून. 'रेन' म्हणजे मूत्रपिंड आणि 'नेफ्रॉस' म्हणजेही मूत्रपिंडच. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली एक ग्रंथी असते, तिथं हे द्रव्य तयार होतं. मूत्रपिंडाला संस्कृतात 'वृक्क' म्हणतात. तर मग या ग्रंथीचं मराठी नाव काय असेल? आधी स्वतः बनवून पाहा, आणि मग ताईच्या शास्त्राच्या पुस्तकात ते सापडतं का बघा.