अवकाशाचे इतिवृत्त

२०२५ या एकाच वर्षात कोल्हापुरात जन्मलेले दोन शास्त्रज्ञ पुण्यात निवर्तले. २० मे रोजी डॉ. जयंत नारळीकर गेले आणि २२ ऑक्टोबरला, वयाची शंभरी ओलांडून, एकनाथ चिटणीस. नारळीकरांसाठी सारा महाराष्ट्र हळहळला आणि ते रास्तच होते. चिटणिसांचे नाव मात्र त्यांच्या जन्मगावातही फारसे कुणाच्या तोंडी नव्हते. याचे एक कारण त्यांच्या पदात असावे. ते एका समितीचे सदस्य सचिव होते.

सदस्य सचिव म्हणजे कोण, हे कुठल्याही समितीत बसलेल्याला सांगावे लागत नाही. बैठकीची नोटीस तोच काढतो, इतिवृत्त तोच लिहितो आणि अध्यक्ष बोलून उठले की बोललेले निस्तरण्याची जबाबदारीही त्याचीच. चिटणिसांची समिती होती भारतीय राष्ट्रीय अवकाश संशोधन समिती. १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली ती स्थापन झाली आणि विक्रम साराभाई तिचे अध्यक्ष झाले. आपली ‘इस्रो’ १९६९ मध्ये जन्मली ती याच समितीच्या पोटी. आपल्याकडे प्रश्न बासनात गुंडाळायचा असला की समिती नेमतात. इथे समितीतूनच एक अख्खी संस्था उभी राहिली.

याचे कारण ती समिती टेबलापाशी बसून राहिली नाही. अग्निबाण सोडायला जागा हवी होती. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त केरळच्या किनाऱ्यावरून जाते आणि त्याच्या माथ्यावरच्या आयनांबरात वाहणारे विद्युतप्रवाह अभ्यासायचे होते. ही शास्त्रीय गरज घेऊन माणसे किनाऱ्यावर हिंडली. जागा शोधणाऱ्यांत चिटणीस होते. थुंब्याच्या कोळीवाड्यातले चर्च कार्यालय झाले, सुटे भाग सायकलवरून गेले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी संध्याकाळी अमेरिकी अग्निबाणाने सोडलेल्या सोडियमच्या वाफेचा केशरी ढग केरळच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिला. पुढे उपग्रह सोडायचे ठरले, तेव्हा पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा मिळावा आणि खाली समुद्र असावा म्हणून पूर्व किनारा धुंडाळला गेला. श्रीहरिकोटा सापडले त्या शोधातही चिटणीस होतेच. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोचवणाऱ्या ‘साइट’ प्रयोगाची धुराही त्यांनी वाहिली.

तज्ज्ञ समितीचा उपयोग काय, याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे आदित्य-एल१. २००८ मध्ये अवकाश विज्ञान सल्लागार समितीपुढे कल्पना होती ती जेमतेम ४०० किलोच्या एका छोट्या उपग्रहाची. तो पृथ्वीजवळच फिरणार आणि त्यावर सूर्याचे प्रभामंडल पाहणारे एकच उपकरण असणार. पण पृथ्वीजवळच्या कक्षेतून सूर्य अधूनमधून पृथ्वीआड जातो. मग चर्चेअंती यान १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूपाशी न्यायचे ठरले, जिथून सूर्य कधी मावळतच नाही. एका उपकरणाची सात झाली. त्यांतले एक पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत घडले. उड्डाण झाले २ सप्टेंबर २०२३ रोजी. पंधरा वर्षे लागली, हे खरे. घाई केली असती तर छोटा उपग्रह लवकर उडालाही असता, पण मग आज हाती काय असते?

समितीचा अवघड भाग वेगळाच असतो. दहा शहाण्यांनी मिळून निर्णय घेतला की तो बहुधा मधल्या वाटेचा होतो, आणि विक्षिप्त वाटणारी कल्पना मागच्या बाकावर बसते. नारळीकर आयुष्यभर महास्फोटाच्या सिद्धान्ताविरुद्ध उभे राहिलेले. बहुमत त्यांच्या बाजूने कधीच नव्हते. तरीही जीवसृष्टीची बीजे अवकाशातून येत असतील का, हे तपासायला त्यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादहून ‘इस्रो’चे बलून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा करायला गेले. २००५ च्या उड्डाणात तीन नव्या जिवाणू प्रजाती सापडल्या. त्या अवकाशातून आल्या हे काही सिद्ध झाले नाही. पण प्रश्न विचारायला पैसे मिळाले, हीच आम्हाला मोठी गोष्ट वाटते.

आता आमची तक्रार. ऑगस्ट २०२१ मध्ये जीएसएलव्ही-एफ१० हे प्रक्षेपण यान कोसळले. चौकशी समितीने कारण शोधले आणि ‘इस्रो’ने ते २०२२ मध्ये जाहीर केले: एक झडप गळत होती, त्यामुळे द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीत पुरेसा दाब राहिला नाही. त्या कबुलीने ‘इस्रो’ची पत घटली नाही. १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ चा तिसरा टप्पा फसला, तेव्हाही समिती बसली. तिचा अहवाल मात्र पीएसएलव्हीचे पुढचे उड्डाण होईपर्यंत जनतेसमोर आला नाही. १२ जानेवारी २०२६ रोजी सी६२ उडाले आणि पुन्हा तिसऱ्याच टप्प्यात घोटाळा झाला. दोन्ही अपयशांचे कारण एकच, असे आम्ही म्हणत नाही. पण पहिला अहवाल उघड असता, तर बाहेरच्या जाणकारांना नेमका प्रश्न तरी विचारता आला असता. कोल्हापुरात खासबागेच्या कुस्ती मैदानात पंचाचा निकाल हजारो डोळ्यांसमोर लागतो, आणि तो चुकला तर तिथल्या तिथे मैदान बोलते.

हा प्रश्न कोल्हापूरला लांबचा नाही. साराभाईंची समिती जन्मली त्याच १९६२ सालचे आपले शिवाजी विद्यापीठ. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या इथल्या रडारने पृथ्वीपासून ८०-९० किलोमीटरवरचे वारे मोजले जातात. चंद्र नसलेल्या, निरभ्र रात्री कॅमेरे आकाशाची अंधूक दीप्ती टिपतात. पावसाळ्यात ते काम थांबते. थुंब्याला जो अभ्यास सुरू झाला, त्याचीच ही शाखा. इथे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला पुढच्या दहा वर्षांत देश कोणती उपकरणे पाठवणार, कोणती कल्पना का नाकारली गेली, हे कळायला नको? अमेरिकेत दर दहा वर्षांनी शास्त्रज्ञांच्या समित्या खगोलशास्त्राचा आणि ग्रहविज्ञानाचा प्राधान्यक्रम लावतात. तो जाडजूड अहवाल राजारामपुरीतल्या पोराला आज मोबाइलवर फुकट वाचता येतो.