मळ आणि मळणे

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला उटणे लागले की त्याच्या बारीक वळ्या सुटू लागतात आणि न्हाऊ घालणारी आई म्हणते, "बघ, किती मळ निघतोय तो!" पोर बिचारे ओशाळते. आमच्या माजरीत तर या वळ्या अंमळ काळसर असतात. मग आईचा हात आणखी जोराने चालतो आणि पाठ लालबुंद होते.

त्या पोराचे वकीलपत्र आज मी घेतले आहे. माजरी हे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसाखाणींचे गाव. दोरीवरच्या कपड्यांवर बसते, तशी खाणीची धूळ अंगावरही बसते. तेव्हा वळीचा काळा रंग खाणीचा, हे कबूल. पण वळी? ती बहुतांशी उटण्याचीच! खात्री हवी तर तेच भिजवलेले उटणे स्वच्छ ताटाला लावावे, अर्धवट सुकू द्यावे आणि बोटाने चोळावे. ताटाला मळ नसतो. वळ्या मात्र सुटतात.

याचे उत्तर 'मळ' या शब्दात नाही, 'मळणे' या शब्दात आहे. पाणी सुकू लागले की पिठाचे कण कातडीपेक्षा एकमेकांनाच घट्ट धरतात आणि बोटाखाली गुंडाळले जातात. धूळ, कातडीचा मेलेला पापुद्रा, वाटेत भेटेल ते बरोबर घेतात.

चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. कॉलेजात जाणाऱ्या मुली तोंडाला सनस्क्रीन लावतात, त्याच्याही अशाच वळ्या होतात. घामाने वाहून जाऊ नये म्हणून त्यात पातळ पापुद्रा धरणारी द्रव्ये असतात. खालचे लोशन मुरण्याआधीच ते वर चोळले, किंवा सुकत असताना पुन्हा चोळले, की पापुद्रा फाटून गुंडाळतो. 'उटणे' आले 'उद्वर्तन' या संस्कृत शब्दावरून. त्याचे कामच चोळून निघण्याचे. सनस्क्रीनचे काम टिकण्याचे. त्याची वळी पडली की तेवढी जागा उन्हाला उघडी! म्हणून लोशन थोडेच लावावे, चार-पाच मिनिटे मुरू द्यावे; मग सनस्क्रीन हात न आखडता, पण दोन पातळ थरांत, हलकेच थापून लावावे.

पार्वतीने अंगच्या मळातून गणपती घडवला, अशी कथा आहे. त्या मळात उटणे किती होते, एवढे मनात आणून माउलींनी यंदा हात जरा हलका ठेवावा.