अवेळी फुलणारी आमरी आणि फवारणीची घाई

पतंग-आमरी, अर्थात फॅलेनॉप्सिस हे ऑर्किड, बेंगळुरूतील हरितगृहांपासून सदनिकांच्या सज्जांपर्यंत सर्वत्र दिसू लागले आहे. त्याबरोबरच कीटकशास्त्रज्ञांकडे येणाऱ्या शंकाही वाढल्या आहेत. हिवाळ्यात फुलणाऱ्या रोपाला भर पावसाळ्यात फुलदांडा का आला? दांड्यावर फुलांऐवजी पाने का फुटली? कळ्या उमलण्याआधीच पिवळ्या पडून का गळाल्या? या शंकांच्या शेवटी बहुधा एकच विचारणा असते : कोणते औषध फवारावे? माझ्या मते यांपैकी बहुतेक प्रश्नांचे उत्तर कीटकनाशकाच्या बाटलीत नसून तापमापकात आहे.

फॅलेनॉप्सिसच्या व्यापारी संकरांमध्ये पुष्पधारणेची चावी मुख्यत्वे तापमानाच्या हाती असते. तापमान सातत्याने २८ अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तर रोप केवळ पाने वाढवत राहते. ते २५ अंशांच्या खाली काही आठवडे टिकले, तर पानांच्या बगलेतील सुप्त डोळा जागा होऊन फुलदांडा बाहेर पडतो. ‘रात्री थंड असल्या म्हणजे पुरे’ असा समज सर्वत्र आहे. मिशिगन राज्य विद्यापीठातील ब्लँचर्ड व रंकल यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी त्याला छेद दिला. दिवसाचे तापमान २९ अंश ठेवल्यास रात्रीचा गारवा फारसा उपयोगी पडत नाही. निर्णायक ठरतो तो दिवसाचा गारवा.

या निष्कर्षाच्या प्रकाशात आपल्या शहरांकडे पाहावे. सुमारे ९०० मीटर उंचीवरील बेंगळुरूत एप्रिलची दुपार ३४ अंशांच्या आसपास जाते. परंतु ऑगस्टमधील ढगाळ दिवस आणि डिसेंबरमधील दिवस, दोन्हींचे कमाल तापमान २७-२८ अंशांपर्यंतच असते. सावलीत, वाहत्या हवेत ते आणखी उतरते. म्हणजे येथील रोपाला वर्षातून दोनदा फुलण्याचा संकेत मिळू शकतो. पावसाळ्यातला फुलदांडा ही विकृती नव्हे. ते हवामानाचे अचूक वाचन होय. उलट मुंबईत व कोकणपट्टीत दुपार क्वचितच पुरेशी उतरते. म्हणून तेथे विकत आणलेले फुललेले रोप एकदा फुलून वर्षानुवर्षे नुसती पाने देते. पुण्यात हिवाळी रात्री कडक थंड असल्या, तरी दुपार तिशीच्या घरात असते. तेथील उत्पादकाने रात्रीपेक्षा दुपारच्या सावलीची व वायुवीजनाची चिंता अधिक करावी.

दांड्यावर उगवणारी पिल्लूरोपे हाही असाच प्रकार. फुलदांडा निघाल्यानंतर उष्मा वाढला, तर कळ्यांची वाढ खुंटते आणि पेरावरील डोळा पानांकडे वळतो. काही जातींत तर ही प्रवृत्ती मुळातच असते. मुळे फुटल्यावर असे पिल्लू वेगळे लावता येते. पाकळ्या ओठासारख्या झालेली विचित्र फुले पुष्कळदा ऊतिसंवर्धनातील जनुकीय बदलांमुळे येतात. विषाणूची शंका असल्यासही कीटकनाशक व्यर्थच. कारण ऑर्किडवरील दोन प्रमुख विषाणू, सिम्बिडियम मोझेक आणि ओडोंटोग्लोसम रिंगस्पॉट, मुख्यतः न निर्जंतुक केलेल्या कात्रीने पसरतात.

कळीगळीबाबत मात्र सावध विवेक हवा. कोरडी हवा, पाण्याचा ताण, रोपाची अचानक हलवाहलव आणि पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू ही तिची नेहमीची कारणे. परंतु फुलकिडे, पिठ्या ढेकूण व लाल कोळी हेही खरे शत्रू आहेत. फरक ओळखणे अवघड नाही. पांढऱ्या कागदावर दांडा हलकेच झटकावा, दहापट भिंगातून कळीची देठे व पानांची खालची बाजू तपासावी. चंदेरी ओरखडे, काळे विष्ठेचे ठिपके, कापसासारखे पुंजके दिसले तर कीड आहे; काहीच न दिसता कळ्या पिवळ्या पडल्या तर कारण हवेत शोधावे.

फुले अकाली माना टाकतात, त्यामागे कधी कीटक असतोही. पण तो कीड नसतो. पतंगाचे नाव धारण करणाऱ्या या फुलांच्या काही जातींचे परागीभवन प्रत्यक्षात भुंग्यासारख्या माश्या करतात. परागपिंड कुक्षीवर चिकटताच फुलात इथिलीन तयार होतो आणि एरवी दोन-तीन महिने टिकणारे फूल काही दिवसांत मिटते. त्या भेटीसाठी सज्जात विषारी फवारा मारणे हा अन्यायच.

लाखो रुपये गुंतवलेला उत्पादक म्हणेल, ‘तपासणीत वेळ घालवण्यापेक्षा प्रतिबंधक फवारणी स्वस्त.’ ही गणना अपुरी आहे. अनावश्यक फवारणीने भक्षक कोळी मरतात आणि लाल कोळी बळावतो. तेलमिश्रित द्रावणाने कोवळ्या कळ्या करपतात. आणि मूळ दोष, म्हणजे हरितगृहातील तापलेली दुपार, तसाच राहतो. गारव्याच्या प्रारंभापासून फूल उमलेपर्यंत साधारण चार महिने लागतात. प्रजासत्ताक दिनाच्या बाजारासाठी सप्टेंबरअखेरीसच थंडावा द्यावा लागतो. ती वेळ चुकली तर जानेवारीतील कोणतेही औषध ती भरून काढू शकत नाही.

म्हणून आग्रह एवढाच की, आपल्या विस्तार पुस्तिकांमध्ये ऑर्किडच्या कीडनियंत्रणाचे प्रकरण फवारणीच्या तक्त्याने सुरू होऊ नये. प्रथम रोज दुपारच्या कमाल तापमानाची नोंद, मग भिंगाची तपासणी, आणि कीड प्रत्यक्ष आढळल्यासच औषध, असा क्रम असावा. उत्पादकांनी आपापल्या गावची तापमानाची व फुलदांडे निघाल्याच्या तारखांची वही ठेवली, तर दोन-तीन वर्षांत प्रत्येक भागासाठी फुलोऱ्याचे स्वतंत्र वेळापत्रक तयार करता येईल. आज आपण परदेशी थंड हवामानासाठी लिहिलेली वेळापत्रके वापरतो आणि त्यांत न बसणाऱ्या रोपाला आजारी ठरवतो.