काळा केक, आत लालचुटूक

थंडी पडू लागली की भाजीबाजारात स्ट्रॉबेरीचे खोके दिसू लागतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या या फळाला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मार्चअखेरीस त्याचा बहर संपत येतो. तेवढ्यात करून घ्यावा असा एक केक आज सांगते. बाहेरून काळाभोर, आणि सुरी घातली की आत लाल थर! शिवाय त्यात अंडं नाही. ते का नाही, हे आधी सांगायला हवं.

आमच्याकडे मुलांच्या वाढदिवसाला केक बेकरीतूनच यायचा. तो कापला की सासूबाई म्हणायच्या, "मला नको गं, गोड सोसत नाही हल्ली." आणि बशीत चार वेफर्स घेऊन बाजूला बसायच्या. असं एकोणीस वर्षं चाललं. गेल्या वर्षी होळीला त्यांनी दोन पुरणपोळ्या तुपाशी खाल्ल्या, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पुरणपोळी सोसते, मग केकच तेवढा गोड कसा? विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, त्यात अंडं असतं ना. मुलांच्या आनंदाच्या दिवशी कशाला बोलायचं?" मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरातल्या प्रत्येकाच्या आवडीनिवडी तोंडपाठ असल्याचा माझा केवढा तोरा होता!

त्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस फेब्रुवारीत होता. त्यासाठी हा केक.

साहित्य : मैदा 280 ग्रॅम, साखर 300 ग्रॅम, कोको 60 ग्रॅम, खाण्याचा सोडा दीड चहाचा चमचा, मीठ अर्धा चमचा, तेल 120 मिलिलिटर (वास नसलेले), गरम पण उकळते नसलेले पाणी 375 मिलिलिटर, त्यात दोन चमचे इन्स्टंट कॉफी, पांढरे व्हिनेगर दीड मोठा चमचा, व्हॅनिला एक चमचा.

मधल्या थरासाठी : स्ट्रॉबेरी 300 ग्रॅम, तुती 200 ग्रॅम (न मिळाल्यास सगळी स्ट्रॉबेरीच), साखर 100 ग्रॅम, लिंबाचा रस एक मोठा चमचा. वर मांडायला 200 ग्रॅम स्ट्रॉबेरी वेगळी ठेवावी.

आवरणासाठी : डार्क चॉकलेट 300 ग्रॅम, फ्रेश क्रीम 300 मिलिलिटर.

वाट्या प्रत्येकीच्या घरी लहानमोठ्या असतात, म्हणून केकला मात्र काटा वापरावा.

कृती : सात इंचांच्या दोन डब्यांना तेलाचा हात लावून तळाशी कागद घालावा. कोरडे जिन्नस दोनदा चाळून त्यांचे दोन सारखे भाग करावेत. कॉफीच्या पाण्यात तेल व व्हॅनिला घालून त्याचेही दोन भाग करावेत. ओव्हन 180 अंशांवर आधी तापवून ठेवावा. आता एक भाग कोरडे व एक भाग पातळ एकत्र करून गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळावे. शेवटी निम्मे व्हिनेगर घालावे, दोन-चार वेळा फिरवावे आणि लगेच डबा ओव्हनमध्ये सरकवावा.

'लगेच' हा शब्द अधोरेखित करा. सोडा आणि व्हिनेगर भेटताक्षणी बुडबुडे येतात. त्यांवरच हा केक फुगतो, कारण उचलून धरायला अंडं नाही. छोट्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच डबा मावतो. सगळं पीठ एकदम भिजवलं, तर दुसरा केक वाट पाहून बसका होतो. म्हणून दोन भाग. तीस-पस्तीस मिनिटांनी सुरी खुपसून पाहावी. कोरडी निघाली की झाला. व्हिनेगरचा वास भाजताना उडून जातो, काळजी नको.

ओव्हन नसेल तर कुकरच्या तळाशी मीठ पसरून त्यावर स्टँड ठेवावा. रबर आणि शिटी न विसरता काढावी, पाणी घालू नये. दहा मिनिटं तापवून मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे ठेवावे.

आता माझी फजिती ऐका. रंगीत तालीम म्हणून आठ दिवस आधी एक केक केला होता. ताज्या स्ट्रॉबेरीच्या चकत्या थराथरात भरल्या, वर चॉकलेट ओतलं, दिसायला दृष्ट लागण्यासारखा! तासाभरात फळांना पाणी सुटलं आणि वरचा मजला घसरून ताटात आला. मुलांनी तो चमच्यांनी खाल्ला, पण मी शहाणी झाले. कच्चं फळ फक्त वर, आत शिजवलेलंच.

म्हणून तुतीचे हिरवे देठ कात्रीने कापून, स्ट्रॉबेरी चिरून, साखर व लिंबूरस घालून पंधरा-वीस मिनिटे आटवावे. फ्रिजमधल्या गार बशीवर थेंबभर टाकून बोटाने रेघ ओढावी. रेघ मिटली नाही की उतरवावे. पूर्ण गार होऊ द्यावे.

क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून चॉकलेटच्या तुकड्यांवर ओतावी. तीन मिनिटांनी मधून बाहेर हलक्या हाताने ढवळावे. तूप सुटल्यासारखं दिसलं तर घाबरू नका, चमचाभर कोमट दूध घालून ढवळा, पुन्हा एकजीव होतं. चॉकलेट घेताना वेष्टन वाचावे. कोको बटरऐवजी वनस्पती तेल लिहिले असेल तर ते कंपाउंड. चालते, पण जिभेवर मेणचट लागते.

केक दोन तास फ्रिजमध्ये ठेवून कडेने सुरीची खूण करावी आणि त्यात मजबूत दोरा गुंडाळून ओढावा. प्रत्येकाचे दोन सारखे थर होतात. थोडे घट्ट झालेले चॉकलेट प्रत्येक थराच्या काठावर बांधासारखे लावावे, मधे फळांचा पाक भरावा, वर पुढचा थर. असे चार थर झाले की सगळीकडून चॉकलेट लिंपून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. वरची स्ट्रॉबेरी देठासकट धुऊन, कोरडी पुसून, अगदी आयत्या वेळी मांडावी. कापण्याआधी केक अर्धा तास बाहेर काढावा.

वाढदिवसाला औक्षण झालं आणि सुरी सासूबाईंच्या हातात दिली. पहिला तुकडा निघाला, लाल थर दिसले, मुलं ओरडली. सासूबाईंनी एक घास घेतला, मग दुसरा. म्हणाल्या, "कडूसर आहे थोडा. पण छान आहे गो." आणि बशी पुढे केली, "अजून एक दे. मोठा दे."

मैत्रिणींनो, आपल्याही घरात "मला नको" म्हणणारं कुणी असेल. हंगाम संपायच्या आत एकदा त्यांना कारण विचारून पाहा.